बकुळीच्या नावाचा वेल

फार पूर्वी अश्मक देशात, टेकडीच्या उतारावर वसलेल्या एका नगरात एक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका माळ्याच्या कुळात जन्माला आले होते. त्यांचे नाव देवक. बाग काही मोठी नव्हती. घरामागे परस, परसात एक आड, आणि आडाच्या पाण्यावर मोगऱ्याचे चार वाफे. बाकी वांगी, कारली, चवळी, माठ अशी घरापुरती भाजी. बायको मागेच वारली होती. मुलगा नंदक व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दक्षिणेला गेला होता, तो पावसाआधी परतायचा नव्हता. घरात बोधिसत्त्व, सून पाटला आणि तिची सात महिन्यांची मुलगी बकुळी, एवढीच माणसे.

त्या आळीतल्या माळ्यांची एक रीत होती. मूल जन्माला आले की पुढच्या फाल्गुनात त्याच्या नावाने परसात दुधीचा एक वेल लावायचा. वेल आईने सांभाळायचा. त्याला धरलेले पहिले फळ शिजवून मुलाचे उष्टावण करायचे, म्हणजे अन्नाचा पहिला घास भरवायचा. आईने जीव लावला की वेल धरतो आणि वेल धरला की मूल जीव धरते, असे बायका म्हणत.

पाटलाच्या पोटी ही दुसरी. पहिला मुलगा दोन उन्हाळ्यांपूर्वी, सात महिन्यांचा असताना गेला होता. त्याच्याही नावाचा वेल होता आणि तोही त्याच उन्हाळ्यात वाळला होता. आळीत कुणी तोंडावर बोलले नाही. पण ती आळीतून जाताना दिसली की बायकांचे बोलणे मध्येच थांबायचे, आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायचे. काय बोलत असतील ते तिला ऐकू न येताही पाठ होते. वेल वाळला आणि पोर गेले.

म्हणून यंदा ती पहाटे उठली की आधी मुलीच्या कपाळाला हात लावी, मग परसात जाऊन वेलाच्या पानांना हात लावी. चैत्र कसाबसा गेला. वैशाख लागला तसे ऊन असे तापले की अंगणात पाय ठेवता येईना. माठाची भाजी करपली. वांग्याची फुले उमलायच्या आधीच गळून पडू लागली. दुधीचा वेल मांडवावर चढला होता, पण दुपार झाली की त्याची पाने लोंबायची. झोपलेल्या मुलीचा हात असाच मांडीवरून खाली लोंबायचा, आणि पाटला तो लगेच उचलून जवळ घ्यायची.

एकदा तिने सासऱ्यांना विचारले, "मामंजी, पानं अशी का पडतात?"

"ऊन आहे म्हणून. ती दुपारची झोप आहे त्याची. संध्याकाळी उठेल."

"आणि नाही उठला तर?"

"तर उद्या बघू," बोधिसत्त्व म्हणाले आणि मोगऱ्याच्या वाफ्याकडे वळले.

संध्याकाळी पाने खरोखर वर उठली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा पडली, आणि आदल्या दिवशी उठली होती एवढ्यावर तिला धीर धरवेना.

बोधिसत्त्वांची पाणी देण्याची तऱ्हा वेगळी होती. शेजारच्या कुंभाराकडून ते कमी भाजलेली मडकी आणीत आणि प्रत्येक वेलाजवळ एक मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरीत. मडके भरून वर झाकणी ठेवायची. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपते, मुळे त्याच्या ओढीने खोल जातात, आणि वरची माती कोरडी दिसली तरी आत ओल राहते. तिसऱ्या दिवशी मडके पुन्हा भरायचे. वरून एक थेंबही द्यायचा नाही.

पाटलाला हे सगळे माहीत होते. पण दुपारी बाहेर जाळ पेटलेला, समोर मान टाकलेला वेल, आणि त्याच्या बुडाशी फुफाटा झालेली माती, हे डोळ्यांनी बघत बसणे तिला जमेना. एका दुपारी सासरे ओसरीवर आडवे झाले होते. तिने पिण्याच्या माठातला एक तांब्या भरला आणि हळूच जाऊन वेलाच्या बुडाशी ओतला. मातीने चर्रकन आवाज केला. थोड्या वेळाने दोन पाने वर आल्यासारखी दिसली. तिला वाटले, बरे झाले, आपण वेळेवर आलो.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी तांब्या घेऊन जाऊ लागली. ओली जागा दिसू नये म्हणून वरून कोरडी माती भुरभुरायची. आपल्या वाटणीचे पाणी ती वेलाला घालायची आणि स्वतः कोरड्या घशाने बसायची. त्याने दूधही कमी येऊ लागले, मुलगी किरकिरू लागली, आणि मुलगी किरकिरते म्हणून तिची भीती आणखी वाढली. मग एका तांब्याचे दोन झाले.

शेजारच्या कुंभाराची बायको उत्तरा कुंपणावरून हे सारे बघत असे. वयाने मोठी, अंगाने थोराड आणि बोलायला फटकळ.

"पाटले, किती वेळा बघशील त्या वेलाकडे? लाजून वाळेल तो."

"काकू, सकाळपासून दोन पानं पिवळी झालीत."

"माझ्या नवऱ्याचं डोकं पांढरं झालं सगळं. मी मोजत बसले का?"

पाटला हसली नाही. उत्तराही मग हसायची थांबली. म्हणाली, "जेवलीस का आज?"

"जेवले."

"खोटं बोलायला पण अंगात ताकद लागते गं," असे म्हणून तिने कुंपणावरून दोन भाकऱ्या आणि मूठभर भाजलेले चणे दिले.

इकडे आडाचे पाणी दिवसेंदिवस खाली चालले होते. आधी पोहरा सोडला की लगेच बुडायचा. आता तो तळाला आपटायचा आणि अर्धाच भरून वर यायचा. नगरातले बरेचसे आड आटले होते. राजवाड्यात मात्र रोज मोगऱ्याच्या दहा माळा लागत. राजाने सांगून ठेवले होते की, जो माळी उन्हाळाभर एकही दिवस न चुकता माळा पोचवील त्याला दूरच्या नदीकाठच्या ओल्या जमिनीची पट्टी मिळेल. पाण्याची ददात कायमची मिटवणारी ती जमीन होती. वैशाखाच्या मध्यापर्यंत बाकीचे माळी एक-एक करून थकले. बोधिसत्त्वांच्या माळा तेवढ्या चालू होत्या.

एके सकाळी आडातून तीनच मडकी पाणी निघाले. बोधिसत्त्वांनी ती ओसरीवर ओळीने ठेवली आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"पाटला, हे एक मडकं घरात ने. प्यायला आणि पोरीला. हे दुसरं उत्तराकडे दे. त्यांचा आड परवाच आटला, आणि तिची सासू अंथरुणाला खिळून आहे. तिसरं वेलासाठी सावलीला ठेव."

"आणि मोगरा?"

"मोगरा राहील तसा राहील."

दुसऱ्याच दिवशी राजवाड्यावरचा फुलांचा कारभारी कालसेन दारात आला. उंच, कोरडा, नियमाला धरून चालणारा माणूस. ओसरीवर बसायलाही तयार होईना.

"देवका, आज सहाच माळा आल्या. उद्या?"

"उद्या एखादी होईल. परवापासून नाही."

"जमीन हातातून जाईल. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. परसात एक वेल हिरवा दिसतोय तो? त्याचं पाणी इकडे वळव."

"तो वेल नातीच्या नावाचा आहे."

"भाजीच्या वेलासाठी जमीन सोडतोस? तुला ऊन लागलंय," कालसेन म्हणाला आणि निघून गेला.

पाटला दाराआड उभी होती. तिला वाटले, धरणीने आपल्याला पोटात घ्यावे. जमीन गेली. नंदक परत आला की त्याला काय सांगायचे? आणि एवढे करून वेल जगला नाही तर?

त्या दिवशी पुरलेले मडके भरायची पाळी होती. बोधिसत्त्व वेलापाशी बसले. त्यांनी झाकणी काढली आणि हात आत घातला. पाणी जिथल्या तिथे होते. मागच्या दोन खेपांना ते कमी कमी उतरत होते, या तीन दिवसांत मात्र बोटभरही उतरले नव्हते. त्यांनी वेलाकडे पाहिले. पाने आता सकाळच्या वेळीसुद्धा मलूल होती. पाण्याशेजारी उभा असून वेल तहानेला होता. त्यांनी बुडाजवळची कोरडी माती बोटाने हलकेच सारली. खाली ओल लागली, आणि त्या ओलीत पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळे अगदी वर पसरलेली दिसली.

मागे पाटला मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"मामंजी, मीच घालत होते. दुपारी."

"किती दिवस?"

"पंधरा झाले असतील."

बोधिसत्त्वांनी माती परत जागेवर सारली. ते रागावतील म्हणून तिने मान खाली घातली होती. ते म्हणाले, "बस इथं. पोरीला खाली सोड, माती खाऊ दे थोडी. यात तुझा दोष एवढाच की तू घाबरून पाजलंस. वेलाला वाटलं, पाणी वरच मिळतं. मग तो खोल कशाला जाईल? वरची माती एका दुपारात तापते, तेव्हा वरची मुळं भाजतात. तू आणखी ओतलंस, ती आणखी वर आली."

"म्हणजे मीच त्याला मारला."

"मेला कुठं अजून?"

पाटला रडू लागली. रडता रडता तिने मनातले बोलून टाकले. "पहिल्या वेळी पण वेल वाळला होता, मामंजी. वेल वाळला आणि तो गेला. सगळी आळी म्हणते."

बोधिसत्त्वांनी झाकणी मडक्यावर परत ठेवली. हे बोलावे की न बोलावे याचा विचार त्यांनी केला असावा. मग ते म्हणाले, "आळी चुकीचं म्हणते. पोरी, आधी मूल गेलं. तो गेला त्या सकाळी वेलाला तीन फुलं होती, ती मी पाहिली होती. मग तू अंथरुणाला खिळलीस, नंदक तुझ्यापाशी बसून राहिला, मी दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघत होतो. आठ दिवस परसात कुणी फिरकलं नाही. मडकं कोरडं पडलं. म्हणून वेल वाळला. त्यानं कुणाला नेलं नाही. आपल्याच दुःखात तो मेला."

पाटलाने मान वर केली. ते दिवस तिला आठवत नव्हते. जे आठवत होते ते लोकांच्या तोंडचे होते.

"हे ठाऊक होतं तर तुम्ही जमीन का सोडलीत? या वेलावर पोरीचं काहीच नाही, तर मोगऱ्याला का नाही घातलं पाणी?"

"वेलावर पोरीचं काही नाही हे मला ठाऊक आहे. तुला कुठं ठाऊक आहे? वेल गेला असता तर तू किती दिवस जेवली असतीस? जमीन मिळेल नाहीतर राहील. घाबरलेल्या माणसाला मी उन्हात एकटं सोडणार नाही."

मग त्यांनी पळसाची वाळकी पाने आणून वेलाच्या बुडाशी जाड थर घातला, वरून जुने तरट आडवे बांधले. "आता तीन दिवस वरून थेंबही नाही. त्याला खाली जायला लागेल. तिसऱ्या दिवशी मडकं रिकामं होईल, तेव्हा सावलीतलं पाणी त्यात ओतू. दुपारी तू घरात बसायचं."

ते तीन दिवस पाटलाने कसे काढले ते तिचे तिलाच माहीत. पहिल्या दुपारी ती तांब्या हातात घेऊन चार वेळा उठली आणि चार वेळा परत बसली. वाढलेले अन्न मात्र तिने मुकाट्याने खाल्ले आणि आपल्या वाटणीचे पाणी स्वतः प्यायली. दुसऱ्या दिवशी मडक्यातले पाणी निम्म्यावर उतरले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते तळाला गेले होते, आणि वेलाचा शेंडा आडवा होता तो किंचित वर वळला होता. तिने तो सासऱ्यांना दाखवला.

"उतरतोय," बोधिसत्त्व म्हणाले. "संध्याकाळी भरू. आज भरायलाच हवं, चुकून चालणार नाही."

त्या सकाळी आडाने एक पोहराही दिला नाही. म्हणून बोधिसत्त्व आणि उत्तराचा नवरा आडाचा गाळ काढायला उतरले. वर येई तो नुसता काळा चिखल. दोन्ही घरांतले पिण्याचे पाणी सकाळीच संपले होते. उरले होते ते कोपऱ्यातले एक मडके, वेलासाठी राखलेले.

ऐन दुपारी दारात कुणीतरी धडपडल्याचा आवाज झाला. पाटला बाहेर आली. ओसरीच्या पायरीवर कालसेन पडला होता. माळा थांबल्याबद्दल जाब विचारायला तो उन्हातून चालत आला होता. चेहरा लाल, अंग विस्तवासारखे तापलेले, आणि त्यावर घामाचा टिपूस नाही. तो काहीतरी पुटपुटत होता, पण त्याला अर्थ नव्हता.

पाटलाने हाक मारली. उत्तरा कुंपण ओलांडून धावत आली. दोघींनी त्याला ओढून सावलीत घेतले.

"पाणी हवं गं याला, भरपूर हवं," उत्तरा म्हणाली. "आडात चिखल आहे नुसता."

पाटलाने कोपऱ्यातल्या मडक्याकडे पाहिले. मग परसाकडे पाहिले. तरटाखाली वेल दिसत होता, आणि सकाळी वळलेला शेंडा इथूनही ओळखू येत होता. मुलगी पाळण्यात झोपली होती. तिचे सात महिने, दोन उन्हाळ्यांपूर्वीचे सात महिने, आळीतल्या बायकांची तोंडे, सगळे एकदम तिच्या अंगावर आले. सासऱ्यांचे बोलणे तिला पटले होते. पण पटलेले आणि हाताने करायचे यांत केवढे तरी अंतर होते.

कालसेनाचे पुटपुटणे थांबले. तेव्हा ती उठली आणि मडके घेऊन आली.

"अगं, ते वेलाचं आहे," उत्तरा म्हणाली.

"माहीत आहे, काकू. पदर भिजवा तुमचा."

त्यांनी त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओले फडके धरले. पंख्याने वारा घातला. ते वाळले की पुन्हा भिजवले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, तेव्हा पाटलाने मीठ घातलेले चिंचेचे पाणी घोट घोट पाजले. मडके निम्मे झाले, पाव झाले, मग तिने ते उपडे केले.

"मेला असता तर आपल्यालाच विचारलं असतं," उत्तरा फडके पिळीत म्हणाली, "आणि जगला तर उठून आपल्यालाच ओरडेल. काय माणूस आहे."

बोधिसत्त्व गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले आडातून वर आले. त्यांनी उपडे मडके पाहिले, पडलेला माणूस पाहिला, सुनेकडे पाहिले.

"शुद्धीवर आला का?"

"आला."

ते तिच्यापाशी खाली बसले. तिच्या हातातला पंखा घेऊन ते वारा घालू लागले.

आडाचा झरा मोकळा झाला, पण चिखल खाली बसून पाणी हाती यायला दोन दिवस लागले. तोवर दूरच्या नदीवरून डोक्यावर वाहून आणलेले पाणी दोन्ही घरांना प्यायलाच जेमतेम पुरले, आणि वेल वाळला. पाटला त्याच्याकडे बघत होती. तिला वाटले होते की आपली छाती फुटेल. वाईट वाटले, फार वाटले. पण ते एका वेलासाठी वाटावे तेवढेच होते. मग तिच्या ध्यानात आले की सकाळपासून आपण मुलीच्या कपाळाला हात लावलेला नाही. वळून पाहिले, तर बकुळी ओसरीवर बसून पोहऱ्याचा दोर चोखत होती आणि तो काढून घेणाऱ्या आजोबांवर ओरडत होती.

चार दिवसांनी कालसेन आला. या वेळी ओसरीवर बसला. जमिनीची पट्टी कुणालाच मिळाली नव्हती, त्याने ते सरळ सांगितले. नियम मोडता येत नव्हता. "मी त्या दिवशी दोन शब्द सुनावायला आलो होतो," तो म्हणाला.

"ते कळलंच होतं," उत्तरा म्हणाली. "पण तोंड उघडायच्या आत पडलात."

कालसेन पहिल्यांदाच हसला. त्याने राजाला एवढेच सांगितले होते की, ज्या घरात एकच मडके पाणी होते त्या घराने ते मला पाजले. राजबागेतली विहीर खोल होती आणि तिचे पाणी आटत नसे. राजाच्या हुकुमाने दुसऱ्या दिवसापासून ती सकाळच्या वेळी त्या आळीला खुली झाली. मोगऱ्याचे दोन वाफे त्यामुळे वाचले, दोन गेले.

ज्येष्ठात बकुळीचे उष्टावण झाले. दुधी नव्हता, म्हणून पाटलाने तांदळाची मऊ पेज केली. बायका जमल्या होत्या. एकीने दबक्या आवाजात विचारले, "वेलाशिवाय?"

"वेलाशिवाय," पाटला म्हणाली आणि पहिला घास भरवला. मुलीने तो क्षणभर तोंडात घोळवला आणि आजोबांच्या अंगावर फुर्र करून उडवला. दुसरा मात्र गिळला. त्याच गर्दीत मागे एक नवी बाळंतीण बसली होती, बाळाला छातीशी घट्ट धरून. पाटला पेजेची वाटी घेऊन उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्धपदाला पोचलेल्या बोधिसत्त्वांनी, ही कथा जेतवन विहारात एका उपासिकेला सांगितली. तिचे बाळ धडधाकट होते, तरी त्याच्या काळजीने तिचा धर्मश्रवणात जीव लागत नव्हता, आणि सभेतल्या काही जणी तिला हसत होत्या. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची पाटला म्हणजे ही उपासिका. तिचे भय नवे नाही, आणि ते तिने एकदा ओलांडलेले आहे. तेव्हाचा कालसेन आता नियमांत कडक असलेला तो स्थविर झाला आहे, जो आजारी भिक्षूंची सेवा कुणी न सांगता करतो. उत्तरा ही विहाराच्या स्वयंपाकघरात सर्वांना दटावून जेवू घालणारी वृद्धा. बकुळी या उपासिकेच्या मांडीवर झोपली आहे. आणि देवक माळी मीच होतो."

जमीन देता येते, पाणी देता येते, अन्नही देता येते, तसे अभयही देता येते. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी हातची जमीन सोडून एका भ्यालेल्या आईला धीर दिला. त्यांच्या त्या गुणाचे नाव अभयदान.